उजवा पुढचा, डावा मागचा

आमच्या गोंदियाहून एक रेल्वे सुटते आणि अख्खा महाराष्ट्र आडवा कापून दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात संपते. मी या गावात आलो त्याचं कारण एवढंच. आठवीत शाळा सोडली होती, पुढं दोन वर्षं घरात नुसता बसून होतो, आणि तिकीट खिडकीवरच्या माणसानं "कुठवर?" असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "जिथवर जाते तिथवर."

त्याला आता पंधरा वर्षं होतील. लक्ष्मीपुरीच्या मागच्या गल्लीत चाचांचं सायकलचं दुकान आहे, तिथं मी तेव्हा चिकटलो तो आजही आहे. चाचांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "काय येतंय तुला?"

"काहीच नाही जी."

"जी म्हणतोस. म्हंजे वळण बरं हाय. बस तितं, चाक धर."

त्यांनी माझी शाळा विचारली नाही, गाव विचारलं तेही जेवायला बसल्यावर. हे उपकार मी विसरत नाही, आणि कदाचित म्हणूनच मला सारखी धास्ती असते की आपल्या हातून काहीतरी चुकेल आणि चाचांचं नाव जाईल. दुकानाला कुलूप लावून चार पावलं गेलो की मी परत येऊन ते ओढून बघतो. चाचा ओरडतात, "आरं, कुलूप हाय त्ये, म्हस न्हाय, दावं सोडून जायला!"

थंडी सुरू झाली की आमच्याकडे लांब पल्ल्याचे सायकलवाले येतात. पुण्याहून गोव्याला निघालेले, बंगळूरला चाललेले, कुणी थेट कन्याकुमारी. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा असतो, आरे तुटलेले असतात, चेन कुरकुरत असते. या माणसांचं मला पहिल्यापासून भारी कुतूहल. पायांत सायकल मारायची ताकद सगळ्यांच्याच असते हो, आमच्या गावचे मास्तर रोज दहा कोस मारायचे. पण काहीही काम नसताना, कुणी बोलावलेलं नसताना, हजार कोसांवर जायचं, हे काय असेल? मी प्रत्येकाला विचारतो. उत्तरं सरळ येत नाहीत. केरळचा एक म्हणाला, "घरी फार आवाज आहे." एक जोडपं एकमेकांकडे बघून हसत बसलं. एकानं मलाच उलट विचारलं, "तुम्ही गोंदियाहून इथं का आलात?" मी रेल्वेचं सांगितलं तर तो म्हणाला, "मग झालं की."

मग मी उत्तरांचा नाद सोडून त्यांच्या पिशव्या बघायला लागलो. ही माणसं वजनाला फार भितात. दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापून टाकतात, टॉवेलचे दोन तुकडे करतात. पण प्रत्येकाच्या सामानात एक तरी जड, बिनकामाची वस्तू असतेच. एकाच्या पिशवीत पितळी घंटा होती. एकाकडे कॅरमचा स्ट्रायकर आणि सोंगट्या, बोर्ड नाही, नुसत्या सोंगट्या. विचारलं की लाजतात.

त्या ताईंच्या पिशवीत इस्त्री होती.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात दुपारी त्या दुकानासमोर उतरल्या. साठीच्या असतील. नगरकडच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. अंगात पँट आणि फुल शर्ट, सायकलला दोन्ही बाजूंना पिवळ्या पिशव्या. चाचांची एक रीत आहे. लांबचा सायकलवाला आला की आधी फोटो, मग काम. मी दुकानाच्या पाटीखाली त्यांचा फोटो काढला आणि मग काम विचारलं.

"ब्रेकच्या वायरी बघ रे दादा. तुसं निघालीत. उद्या आजऱ्याला मुक्काम आणि परवा आंबोलीचा घाट उतरायचाय. घाटात तुटायला नको."

वायरीचे दोन-तीन धागे खरंच तुटले होते. मी दोन्ही वायरी आणि त्यांची कव्हरं नवी टाकायची ठरवली. चाचांची कामाची पद्धत अशी की एकेक सुटं करून बदलायचं नाही. "आदी सगळं नागडं करायचं, पुसायचं, मग कापडं घालायची." तसं मी दोन्ही ब्रेक, दोन्ही वायरी, रबर, सगळं काढून पत्र्यावर मांडलं. आणि नेहमीसारखं माझं बोलणं सुरू.

"ताई, ही इस्त्री कायले?"

"साडीला. दिवसभर सायकल मारली की संध्याकाळी आंघोळ करून एक सुती साडी नेसते. चुरगळलेली साडी मला चालत नाही."

"आणि सायकल?"

"मुलीची. जर्मनीत शिकायला होती, तिथं वापरायची. परत येताना घेऊन आली आणि मग स्वतः स्कूटरवर बसायला लागली. सहा वर्षं झाली, आता माझीच आहे."

जर्मनी हा शब्द मी ऐकला. कानानं ऐकला आणि सोडून दिला. कारण मी लगेच पुढचं विचारत होतो, की लॉजवाले सायकल खोलीत घेऊ देतात का.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे सायकलचा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला असतो आणि डाव्या हाताचा मागच्या. बाहेरच्या बऱ्याच देशांत नेमकं उलटं असतं. सवयीचा माणूस उताराला मागचा ब्रेक सावकाश धरून वेग कमी करतो. तीच बोटं चुकून पुढच्या ब्रेकवर आवळली तर पुढचं चाक जाग्यावर थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढं जातो. म्हणून चाचांनी मला शिकवलेलं होतं की बाहेरची सायकल आली की आधी विचारायचं, कुठला हात पुढं? गोरा माणूस आला की मी न चुकता विचारतो. पण या ताई नगरच्या होत्या, मराठी बोलत होत्या, इस्त्रीचं सांगत होत्या. माझ्या हातांनी तेरा वर्षांच्या सवयीनं उजवी वायर पुढं बांधली आणि डावी मागं. गल्लीत एक फेरी मारून बघितली. मला तर ब्रेक अगदी बरोबर वाटले. ताईंनी दोन्ही एकदम दाबून बघितले, म्हणाल्या, "कडक झालेत," आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आजऱ्याच्या वाटेला लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडून झाडलं आणि चहा येईपर्यंत मोबाइलवर त्यांचा फोटो उघडला. पिशव्यांवर काय काय बांधलंय ते बघायला मोठा केला. बोटानं सरकवत सरकवत हँडलवर आलो. डाव्या मुठीतून निघालेली वायर वळून खाली, पुढच्या चाकाकडे गेली होती.

मी पुन्हा बघितलं. मग चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, फोटो बघितला, मला बघितलं.

"इचारलं न्हवतंस?"

"नाही जी."

"घाट कवा उतरणार म्हणाली?"

"आज."

"फोन लाव की मग!"

वहीतल्या नंबरवर लावला. बंद. ही माणसं बॅटरी वाचवायला फोन बंद ठेवतात, मला ठाऊक होतं. पुन्हा लावला, पुन्हा बंद. मी पान्हे, पक्कड, नवी वायर, कव्हराचे तुकडे पिशवीत कोंबले आणि चाचांच्या मोटरसायकलच्या किल्लीकडे हात नेला. त्यांनी तो हात धरला. "ह्या घाईत गाडी मारणार व्हय? येकीच्या जागी दोघं पडाल. यस्टीनं जा. पळ!"

सावंतवाडीची गाडी उभीच होती. मी चढलो तर कंडक्टरनं विचारलं, "कुठलं?"

"सावंतवाडी. नाही, आजरा. नाही, आंबोली द्या."

"पावणं, येक काय त्ये ठरवा की. तिकीट हाय, नवस न्हाय."

मी त्याला सगळं सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्यानं तिकीट फाडलं, आणि मग सगळ्या गाडीकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "ऐका ओ! ह्या पावण्यांची येक बाई चुकल्या. साठीची हाय, सायकलवर हाय, पिवळ्या पिशव्या हायत. दिसली की वराडा!"

"माझी नाही जी," मी म्हणालो, पण कोण ऐकतंय.

"साठीची? आन सायकलवर?" पुढच्या बाकावरचे एक आजोबा मागं वळले. "घरात कोण न्हाय व्हय तिला?"

माझ्या शेजारची म्हातारी मांडीवरची पिशवी सावरत म्हणाली, "हायत म्हणूनच निगाली आसंल."

गाडी हसली. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. कागल गेलं, निपाणी मागं पडली. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक सायकलला गाडीतून कुणी ना कुणी ओरडत होतं. एकदा तर "हाय हाय हाय!" असा गलका झाला, ड्रायव्हरनं ब्रेक मारला, तर तो दुधाच्या किटल्या लावलेला बाप्या निघाला. तो आपला गाडीकडे बघत राहिला. उत्तूरच्या पुढं उतार सुरू झाले तेव्हा मी रस्ता सोडून कडेच्या चरीत बघायला लागलो. म्हातारीनं ते ओळखलं. तिनं पिशवीतून काजूगराची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. "खा. अशी चरीत न्हाय घावायची ती."

ती घावली आजऱ्याच्या स्टँडवर.

मी आधी ओळखलंच नाही. कंडक्टरनंच दाखवलं, "त्या पिशव्या न्हवं?" फलाटाच्या खांबाला सायकल टेकलेली होती, पिशव्या काढून खाली ठेवलेल्या, आणि शेजारी निळ्या सुती साडीतली एक बाई. साडीला इस्त्रीची घडी होती. भर दुपारी साडी! म्हणजे आज सायकल मारायचीच नव्हती. उजव्या कोपराला पट्टी होती आणि तळहातावर औषधाचा पिवळा डाग. पलीकडे पुण्याची गाडी लागलेली, आणि सायकल टपावर न्यायची की मागच्या डिकीत, यावरून तिचा कंडक्टर हमालाशी भांडत होता.

"अरे दादा! तू इकडे कुठं?"

"ताई, पडलात?"

"पडले. काल, गाव दिसायला लागलं तेव्हाच्या उतारावर. तोवर जोरात ब्रेक लावायची वेळच आली नव्हती. म्हैस आडवी आली. नेहमीसारखा उजव्या हातानं मागचा ब्रेक धरला, आणि पुढं काय झालं तेच कळलं नाही, एकदम हँडलवरून खाली." त्यांनी कोपराची पट्टी सारखी केली. "तुझं काम चांगलं होतं रे, तुझा दोष नाही. माझाच हात चुकला. मागचा म्हणून पुढचाच दाबला असणार मी."

मी सायकलच्या मुठींकडे बघितलं.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं," त्या म्हणाल्या. "साठीतच. दूध कपात ओतायची आणि ते बशीत पडायचं. मग बटण लागेना, मग घास तोंडापर्यंत जाईना. नऊ वर्षं मी तिला भरवलंय. मला ते सुरुवातीचं लक्षण कळतं. मुलीला फोन केला, सायकल विकून टाक म्हटलं. आता पुण्याला जाऊन तपासून घेते. मग काय ते."

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात आलं ते चांगलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो. बाई जिवंत आहे, घाटात जाणार नाही, घरी चालली आहे. मी नुसतं "काळजी घ्या" म्हणून परतीच्या गाडीत बसलो असतो तर कुणालाही काही कळलं नसतं. चाचांचं नाव तसंच राहिलं असतं, माझंही. पुण्याच्या गाडीचं इंजिन सुरूच होतं.

पण त्या आपला उजवा हात डाव्या हातात धरून बसल्या होत्या. दवाखान्यात दुसऱ्याचा हात धरतात तसा. एवढी वर्षं दुसऱ्यांना सुया टोचणारा हात तो, आणि त्या त्याच्याकडे परक्यासारखं बघत होत्या.

"ताई," मी म्हणालो, "तुमचा हात नाही चुकला. माझा चुकला जी."

"म्हणजे?"

मी सायकल खांबापासून सरळ केली आणि म्हणालो, "उजवा दाबा."

त्यांनी दाबला. पुढच्या चाकावर रबर बसले.

"आता डावा."

मागचे बसले.

त्या बघत राहिल्या. पुन्हा उजवा दाबला. पुन्हा डावा. मग चष्मा कपाळावर सरकवून वायरीचा मुठीपासून चाकापर्यंत बोटानं मागोवा घेत गेल्या. चार वेळा, पाच वेळा. मी मधे मधे बोलत होतो, जर्मनी ऐकलं पण डोक्यात गेलं नाही, विचारायला हवं होतं, फोटो आज बघितला. त्यांना ते ऐकू येत होतं की नाही कोण जाणे.

"मेले असते मी," त्या अखेर म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "उतारावर मागून ट्रक असता तर? आणि त्याहून… तुला कळतं का रे, काल आल्यापासून मी हा हात समोर धरून बसले आहे! पेन धरून बघितलं, सुईत दोरा ओवून बघितला!"

"ओवला का जी?"

"पहिल्या खेपेला ओवला! तरी विश्वास बसला नाही!"

आणि त्या रडायलाच लागल्या. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मी उभा. काय करावं कळेना, म्हणून मी पान्हा काढून खाली बसलो. पुण्याचा कंडक्टर खिडकीतून ओरडला, "बाई, येताय का न्हाय? टाइम झाला!"

"नाही," त्या पदरातूनच म्हणाल्या.

"मग सायकलचं भांडण उगंच लावलासा व्हय आमच्यात?"

गाडी गेली. मी दोन्ही वायरी सोडल्या आणि नव्यानं कव्हर कापायला घेतलं. आपल्याकडे कुणी रस्त्यात पान्हा हातात घेतला की माणसं जमतात. पाच-सहा जण जमले. मी डाव्या मुठीतली वायर पुढच्या चाकाकडे नेली तसा एक टोपीवाला कळवळून म्हणाला, "आरं आरं, उलटं बशिवतोयस की! उजवा पुडं आसतोय!"

"तेच की," दुसरा म्हणाला. "कुटला मेस्त्री हाय ह्यो? बाई, ह्याच्या नादाला लागू नगासा, पाडंल तुमाला."

"पाडलं त्यानं ऑलरेडी," ताई म्हणाल्या. डोळे अजून ओले होते, पण तोंडावर काहीतरी आलं होतं. "माझा उलटाच असतो. बसवू द्या त्याला."

"बाईचाच उलटा हाय म्हंत्यात," टोपीवाल्यानं मागच्यांना समजावून सांगितलं, आणि त्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

काम झाल्यावर मी एकेक ब्रेक वेगवेगळा दाबून त्यांना दाखवला आणि मोठ्यानं म्हणायला लावलं, डावा पुढचा, उजवा मागचा. त्या बायकांच्या खोलीत जाऊन पँट-शर्ट घालून आल्या. साडी घडी करून पिशवीत गेली. मग स्टँडच्या मोकळ्या जागेत त्यांनी फेऱ्या मारल्या, आधी फक्त उजव्या हातावर, मग फक्त डाव्यावर. दुसऱ्या फेरीला त्या जरा वेगात आल्या तेव्हा माझेच हात हवेत आवळले गेले.

"आज राहा ना ताई. कोपर दुखत असेल. उद्या जा."

"आज आंबोलीपर्यंत. घाट उद्या सकाळी. तुला माझी काळजी आहे की दुकानाच्या नावाची?"

"दोन्ही जी."

त्या हसल्या. मग मुलीला फोन लावला. "अगं, ते विकायचं राहू दे… नाही, हात ठीक आहे. मेकॅनिकनं वायरी उलट्या लावल्या होत्या… हो, कोल्हापूरहून आलाय बिचारा सांगायला… नाही गं, ओरडू नकोस त्याला, मी ओरडलेय."

त्या निघाल्या. स्टँडच्या फाटकाशी पोचतात तोच बाहेरून एक गाडी आत वळली. मी मागून फक्त त्यांचा उजवा हात बघत होतो. दोन बोटं आपसूक पुढं आली आणि मिटली, मागचं चाक मंद झालं, त्यांनी पाय टेकला. खाली मुठीकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी आत आली, त्यांनी पाय उचलला आणि आंबोलीच्या रस्त्याला वळल्या.

मी परत गेलो. चाचांनी विचारलं, "खरं सांगितलंस?"

"हो जी."

"मग झालं. त्यो पान्हा उचल, दोन पंक्चरी पडल्यात." एवढंच. त्या दिवसापासून मात्र दुकानात आलेल्या प्रत्येक सायकलच्या मुठीवर मी आधी खडूनं खूण करतो, मग ती उघडतो. शेजारच्या शाळेतल्या पोरांच्या सायकलींवरसुद्धा. चाचा हसतात, पण खडू तेच आणून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. मी दोनदा हातातून पाडून मग उचलला.

"दादा, उतरले. सावंतवाडीच्या अलीकडे आहे. मधे दोनदा थांबून हात बघितले. थरथरत होते, पण थंडीनं."

"पक्कं थंडीनंच ना जी?"



"नर्स तू आहेस की मी?" त्या म्हणाल्या. "थंडीनंच. आता उन्हात आलेय, आता बघ ना, एकदम…" आणि मला काही दिसणार नव्हतं, तरी मी फोन कानाला धरून थांबलो, त्या तिकडे हात पुढं करून बघेपर्यंत.